आरोळीची अंगाई करणारी विकरे

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात एटीपीची ओळख 'पेशीचे ऊर्जाचलन' अशी करून दिलेली असते. अन्नातली ऊर्जा पेशी या रेणूच्या रूपात हाताशी ठेवते आणि लागेल तशी खर्च करते, एवढे सांगून धडा संपतो. प्रतिकारशक्तीचा धडा वेगळ्या प्रकरणात येतो. ही दोन प्रकरणे वेगळी ठेवण्याची सवय पुढे वैद्यकातही टिकली. कर्करोगाच्या संशोधनातली एक परंपरा गाठीचा चयापचय अभ्यासत आली: गाठ साखर कशी वापरते, ऑक्सिजन तोकडा पडला तरी कशी तगते. या परंपरेचे मूळ ऑटो वॉरबुर्ग यांच्या १९२०च्या दशकातल्या प्रयोगांत आहे. दुसरी परंपरा विचारत आली, की टी पेशी गाठीला ओळखतात का, आणि ओळखूनही गप्प का बसतात. त्या परंपरेला २०१८ साली जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांच्या नोबेल पारितोषिकाने शिखर लाभले. माझे म्हणणे असे, की ही विभागणी आपण अभ्यासाच्या सोयीसाठी केली; शरीर ती पाळत नाही. पेशीच्या आवरणावर बाहेर तोंड करून बसलेली काही विकरे, म्हणजेच एन्झाइमे, गाठीच्या चयापचयाचा परिणाम थेट प्रतिकारपेशींच्या वागण्यात उतरवतात. ती नीट समजून घेतली, तर गेल्या काही वर्षांतल्या आशादायक आणि निराशाजनक अशा दोन्ही निकालांचा अर्थ लागतो, आणि उपचारांची आखणी कुठे चुकते आहे तेही दिसते.

खरे तर या जोडणीचा धागा १९२९ सालीच हाती आला होता. त्या वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनी, आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व आंध्रातून तिथे गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी, स्नायूंमधले एटीपी शोधून काढले. त्याच वर्षी केंब्रिजच्या ॲलन ड्रुरी आणि ॲल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी दाखवले, की ॲडेनोसिन प्राण्याच्या रक्तात सोडले तर हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तवाहिन्या सैलावतात. ॲडेनोसिन म्हणजे एटीपीच्या अंगावरचे तिन्ही फॉस्फेट काढून टाकल्यावर उरणारा गाभा. एकच रेणू पूर्ण रूपात ऊर्जा पुरवतो आणि मोडक्या रूपात शरीराला शांत हो म्हणून सांगतो, ही गोष्ट त्या एका वर्षात समोर मांडली गेली होती. तरीही दोन्ही निरीक्षणे कित्येक दशके आपापल्या कप्प्यात पडून राहिली. १९७२ साली जेफ्री बर्नस्टॉक यांनी एटीपी हा पेशींमधला संदेशवाहकही आहे असा सिद्धान्त मांडला, तेव्हा तो फार थोड्यांना पटला. इतका मौल्यवान रेणू पेशी निरोप धाडण्यासाठी बाहेर का टाकील, हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटत होता. एटीपी ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनांची जनुके १९९३-९४च्या सुमारास हाती आली आणि मग तो विरोध मावळला.

पेशीच्या आत एटीपीचे प्रमाण मिलिमोलच्या मापात असते, बाहेरच्या द्रवात ते नॅनोमोलच्या मापात मोजावे लागते. आतबाहेरची ही तफावत लाखो पटींची आहे आणि ती तफावत हाच निरोप आहे. पेशी फुटली, भाजली, चिरडली किंवा औषधाच्या माऱ्याने मरू लागली, की एटीपी बाहेर सांडते. शेजारच्या प्रतिकारपेशींसाठी ती आरोळी ठरते: इथे काही विपरीत घडले आहे, धावा. आरोळी ऐकून भक्षक पेशी त्या दिशेने सरकतात. डेंड्रायटिक पेशींवरच्या पी२एक्स७ या ग्राही प्रथिनाला एटीपी भिडले, की त्यांच्या आत दाह पेटवणारी यंत्रणा सुरू होते आणि पुढे मारक टी पेशी शिकून तयार होतात. पॅरिसच्या लॉरेन्स झिटव्होगेल आणि गिदो क्रोमर यांच्या गटाने २००९ साली उंदरांमध्ये हीच साखळी दाखवली. काही केमोथेरपी औषधांचा पुरता गुण येण्यासाठी मरणाऱ्या कर्कपेशींनी एटीपी बाहेर सोडणे आणि ते ऐकणाऱ्या प्रतिकारपेशी शाबूत असणे आवश्यक ठरले. कर्कपेशींवर विष म्हणून दिलेल्या औषधाचे निम्मे काम प्रतिकारशक्ती करत होती, असा त्याचा अर्थ. त्याच सुमारास, २००८ साली, इटलीतल्या फेरारा येथील संशोधकांनी काजव्याच्या प्रकाशविकराचा वापर करून जिवंत उंदराच्या गाठीतले एटीपी मोजले. निरोगी ऊतकात ते जवळपास हाती लागत नव्हते. गाठीत मात्र ते शेकडो मायक्रोमोल भरले.

आता खरा पेच उभा राहतो. गाठीत आरोळी एवढी मोठी असेल, तर मदतीला कोणी का येत नाही? उत्तर पेशीच्या उंबरठ्यावर आहे. सीडी ३९ हे विकर बाहेर आलेल्या एटीपीचे एकेक करून दोन फॉस्फेट काढते आणि त्याचे एएमपी करते. शेजारचे सीडी ७३ उरलेला फॉस्फेटही काढते आणि ॲडेनोसिन तयार होते. हे ॲडेनोसिन टी पेशीवरच्या ए२ए ग्राहीला चिकटते, पेशीच्या आत सायक्लिक एएमपी हा संदेशरेणू वाढतो, आणि मारक पेशीचा हात आखडतो. तिची वाढ मंदावते, तिचे संदेशद्रव्य आटते. दोन पायऱ्यांत आरोळीची अंगाई झाली. यातली महत्त्वाची बाब अशी, की विकरे आरोळी नुसती बुजवत नाहीत. आरोळीच्याच द्रव्यातून झोपेचे औषध बनवतात. जितका विध्वंस मोठा, तितका कच्चा माल जास्त. शिवाय वाट एकच नाही. इटलीतल्या तुरिनच्या फाबिओ मालावासी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सीडी ३८ हे विकर एनएडी या दुसऱ्या चयापचयी रेणूपासून सुरुवात करते, सीडी २०३ए त्याचे एएमपी करते, आणि तिथून पुन्हा सीडी ७३च्या हाती तेच काम येते. उगम वेगळे असले, तरी प्रवाह शेवटी एकाच जागी मिळतात.

कर्करोगाने ही युक्ती नव्याने शोधून काढली, असे चित्र कोणी रंगवील तर ते चुकीचे ठरेल. ही यंत्रणा मुळात देहरक्षणाची आहे. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचे सीडी ३९ रक्तात सांडलेले एडीपी, म्हणजे एक फॉस्फेट गमावलेले एटीपी, नष्ट करते, म्हणून प्लेटलेट नको तिथे गुठळी करत नाहीत. दाह पेटला की तो कुठेतरी आवरावा लागतो, नाहीतर जंतूंबरोबर घरही जळते. अकिओ ओहता आणि मिखाईल सितकोव्स्की यांनी २००१ साली दाखवले, की ए२ए ग्राही नसलेल्या उंदरांमध्ये एरवी किरकोळ ठरणारा दाहसुद्धा ऊतकांचे भीषण नुकसान करतो. जखम, सूज, ऑक्सिजनची टंचाई आणि त्यामागून येणारे ॲडेनोसिन हा शरीराचा 'आता पुरे' असा इशारा आहे. गाठ ही कधीच न भरणाऱ्या जखमेसारखी असते. तिथे पेशी सतत मरत असतात, एटीपी सतत सांडत असते, म्हणून 'आता पुरे' हा इशाराही अखंड चालू राहतो. प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींच्या अंगावरही सीडी ३९ आणि सीडी ७३ ही जोडी असते, हे २००७ साली उंदरांमध्ये दिसून आले. आणि २०१८ साली मानवी गाठींच्या अभ्यासांतून असे पुढे आले, की गाठीला खरोखर ओळखणाऱ्या मारक टी पेशींवर सीडी ३९ असते, तर योगायोगाने तिथे पोहोचलेल्या, फ्लूसारख्या जुन्या विषाणूंना ओळखणाऱ्या टी पेशींवर ते बहुधा नसते. हे विकर म्हणजे शत्रूच्या हातातले हत्यार, हे रूपक इथे अपुरे पडते. ती आपल्याच घराची, दोन्ही पक्षांच्या हाती लागलेली व्यवस्था आहे.

मग चयापचयाचा संबंध नेमका कुठे येतो? तो ऑक्सिजनपाशी येतो. गाठ भराभर वाढते, रक्तवाहिन्या मागे पडतात, आणि आतल्या भागात ऑक्सिजन तोकडा पडतो. अशा वेळी एचआयएफ हे प्रथिन जागे होते आणि पेशीचा सगळा संसार नव्या परिस्थितीनुसार लावते. त्याच्या शोधासाठी २०१९चे नोबेल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना मिळाले. साखरेवर अधिक भिस्त ठेवा, नव्या रक्तवाहिन्या मागवा, अशा त्याच्या आज्ञा सर्वपरिचित आहेत. त्याच आज्ञांमध्ये सीडी ७३ अधिक बनवा हीही एक आज्ञा आहे, हे २००२ साली आतड्याच्या अस्तराच्या पेशींत दिसले. १९९७ सालीच गाठींमधल्या द्रवात ॲडेनोसिनचे प्रमाण प्रतिकारपेशींना दाबून टाकण्याइतके असल्याचे मोजमापातून कळले होते. ही दोन निरीक्षणे शेजारी ठेवली, की साखळी पूर्ण होते. ऑक्सिजनची टंचाई ही चयापचयाची घटना आहे, टी पेशीचे निजणे ही प्रतिकाराची. या दोहोंना जोडणारी कडी पेशीच्या पृष्ठभागावरचे विकर आहे. ही कडी काढून टाकली, तर दोन्ही टोके निव्वळ योगायोग वाटतील.

ही कडी एकच असती, तर तिला अपवाद म्हणता आले असते. पण तिचा नमुना दुसरीकडेही दिसतो. कार्बनिक ॲनहायड्रेज ९ हे विकर ब्रातिस्लाव्हाच्या सिल्विया पास्तोरेकोव्हा आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला शोधले. निरोगी शरीरात ते जठरासारख्या मोजक्या जागा सोडल्या तर क्वचितच आढळते. ऑक्सिजन तोकडा पडलेल्या गाठीत मात्र भरपूर. पेशीच्या बाहेर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून ते बायकार्बोनेट आणि आम्ल तयार करते. बायकार्बोनेट पुन्हा आत घेऊन कर्कपेशी स्वतःचा अंतर्भाग आम्लापासून वाचवते. आम्ल बाहेरच राहते. त्यात गाठीने फेकलेल्या लॅक्टिक आम्लाची भर पडते. या आम्लाचा टी पेशींवर होणारा परिणाम जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या संशोधकांनी २००७ साली मोजला: मानवी मारक टी पेशींची वाढ आणि संदेशद्रव्ये ९५ टक्क्यांपर्यंत खालावली, मारण्याची क्षमता निम्म्यावर आली. आम्लरहित द्रवात २४ तास ठेवल्यावर त्याच पेशी पूर्ववत झाल्या. ही शेवटची बाब माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. त्या पेशी निकामी झालेल्या नव्हत्या; त्यांना त्या हवेत काम करता येत नव्हते. टी पेशी का हरते, या प्रश्नाचे उत्तर दर वेळी टी पेशीत शोधण्याची गरज नाही, हे यातून कळते.

तिसरे उदाहरण ईएनपीपी१ या विकराचे. वर सीडी २०३ए म्हणून आले ते हेच. कर्कपेशीतले डीएनए भलत्या जागी सांडले, की सीजीएएमपी नावाचा धोक्याचा रेणू तयार होतो. तो बाहेर पडून शेजारच्या प्रतिकारपेशींना सावध करतो. लिंगयिन ली यांच्या संशोधनातून २०१४ साली कळले, की ईएनपीपी१ हा धोक्याचा रेणू तोडून टाकते. आणि तोडल्यावर जे उरते त्यातले एएमपी सीडी ७३कडे जाऊन ॲडेनोसिन होते. इथेही तेच: इशारा पुसण्याची आणि गुंगी बनवण्याची क्रिया एकाच ओळीत. तीन वेगवेगळी विकरे, तीन वेगवेगळे कच्चे माल, आणि निष्पत्ती एकच. म्हणून पेशीचे आवरण हे आतबाहेर वेगळे करणारे कुंपण आहे, ही कल्पना आता सोडायला हवी. ते काम करणारा उंबरठा आहे. आतल्या चयापचयाची शिल्लक बाहेर येताना तिथे तिचे रूप पालटते, आणि बाहेरचे जग त्या पालटलेल्या रूपावरूनच आतल्या पेशीशी कसे वागायचे ते ठरवते.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सारे सहअस्तित्व आहे, कारण नव्हे. मोठ्या, दुष्ट गाठींमध्ये पेशी जास्त मरतात, म्हणून ॲडेनोसिनही जास्त. त्यामुळेच प्रतिकार थंडावतो असे कशावरून? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रयोगांनी दिले आहे. ओहता आणि सितकोव्स्की यांनी २००६ साली ए२ए ग्राहीचे जनुकच नसलेल्या उंदरांमध्ये मूळ धरलेल्या गाठींचे काय होते ते पाहिले. अशा सुमारे ६० टक्के उंदरांनी गाठ उलथून टाकली. साध्या उंदरांपैकी एकालाही ते जमले नाही. गाठ तीच, वेगळा होता तो फक्त यजमानाच्या पेशींचा ॲडेनोसिन ऐकणारा कान. २०१० साली जॉन स्टॅग आणि सहकाऱ्यांनी सीडी ७३ला अडवणारे प्रतिपिंड वापरून उंदरांतल्या स्तनाच्या कर्करोगाची वाढ आणि प्रसार रोखून दाखवला. माणसाच्या बाबतीत, तिहेरी-नकारात्मक स्तनकर्करोगात सीडी ७३ जास्त असलेल्या रुग्णांची स्थिती अधिक वाईट असते आणि अँथ्रासायक्लिन औषधांना त्यांचा आजार कमी दाद देतो, हे २०१३ साली शेरीन लोई यांच्या अभ्यासात दिसले. हा शेवटचा पुरावा सहअस्तित्वाचाच आहे, हे मान्य. पण कारण दाखवणाऱ्या प्रयोगांच्या शेजारी ठेवल्यावर त्याला वजन येते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. उंदरांचे राहू द्या, माणसांत ही औषधे का चमकली नाहीत? मूत्रपिंडाच्या बळावलेल्या कर्करोगात ए२ए ग्राही बंद करणारे सिफोराडेनंट एकट्याने दिले तेव्हा फारच थोड्या रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. दुसऱ्या प्रतिकार-औषधाची जोड दिल्यावरही आकडा लहानच राहिला. तिहेरी-नकारात्मक स्तनकर्करोगाच्या 'सिनर्जी' चाचणीत केमोथेरपी आणि दुर्व्हालुमॅब हे प्रतिकार-औषध यांना सीडी ७३विरोधी ओलेक्लुमॅबची जोड देऊनही फायदा वाढला नाही. याउलट फुप्फुसाच्या कर्करोगातल्या 'कोस्ट' चाचणीत, शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या तिसऱ्या टप्प्याच्या रुग्णांना केमोथेरपी आणि रेडिएशननंतर दुर्व्हालुमॅब एकटे दिले, तेव्हा १२ महिन्यांनी आजार न बळावलेल्यांचे प्रमाण ३३.९ टक्के होते. ओलेक्लुमॅबची जोड दिल्यावर ते ६२.६ टक्के निघाले. ही चाचणी दुसऱ्या टप्प्याची आणि लहान होती, म्हणून या आकड्याने भारावून जाण्याचे कारण नाही. पण तिन्ही निकाल एकत्र वाचले तर एक प्रश्न टोचतो. एकाच विचारातून निघालेली औषधे एका ठिकाणी निष्प्रभ आणि दुसऱ्या ठिकाणी आशादायक का?

माझे उत्तर असे. सिद्धान्त सांगतो, की आरोळी असेल तरच तिची अंगाई थांबवण्याला अर्थ आहे. रेडिएशनने पेशी नुकत्याच फोडल्या, एटीपी सांडले, अशा वेळी विकर अडवले तर आरोळी टिकेल. जिथे आरोळीच क्षीण आहे, किंवा टी पेशी मुळात पोहोचलेल्याच नाहीत, तिथे विकर अडवून काय हाती लागणार? सिफोराडेनंटच्या अभ्यासातही ॲडेनोसिनची जनुकीय खूण ज्यांच्या गाठीत ठळक होती, त्यांच्यातच परिणाम एकवटलेला दिसला. अर्थात हे स्पष्टीकरण निकाल लागल्यावर सुचलेले आहे, आणि अशा स्पष्टीकरणांनी कोणताही सिद्धान्त कायम वाचवता येतो, ही शंका वाचकाने घेतलीच पाहिजे. आयडीओ१ या विकराची आठवण त्यासाठी ताजी ठेवावी. तेही चयापचय आणि प्रतिकार यांना जोडणारे विकर, पेशीच्या आतले. त्याला रोखणाऱ्या एपाकॅडोस्टॅटभोवती मोठी आशा गोळा झाली होती. ७०६ रुग्णांच्या मेलॅनोमाच्या चाचणीत २०१८ साली ते साफ अपयशी ठरले. म्हणून माझा दावा खोटा कसा ठरेल, तेही इथेच सांगतो. गाठीत सीडी ७३ खरोखर सक्रिय आहे हे आधी तपासून निवडलेल्या रुग्णांत, पेशी फोडणाऱ्या उपचाराच्या जोडीला, योग्य वेळी हे विकर पुरते अडवले आणि तरीही गुण आला नाही, तर उपचार म्हणून हा विचार सोडून द्यावा. तसे तपासल्याशिवाय सरसकट सर्वांना औषध देऊन मिळालेले अपयश सिद्धान्ताविरुद्ध फार काही सांगत नाही. ते आपल्या घाईविषयी सांगते.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. जी यंत्रणा देहरक्षणाची आहे असे मीच वर म्हटले, ती बंद केली तर? सीडी ७३चे जनुक जन्मतः बिघडलेली माणसे आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यांच्या पायांच्या धमन्यांत आणि सांध्यांत कॅल्शियम साचते. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात तर उलटाच प्रकार दिसतो. तिथे ॲडेनोसिन पेशींची आपसातली वीण घट्ट ठेवते, आणि सीडी ७३ कमी झालेल्या गाठी अधिक धोकादायक ठरतात. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला धक्का देत नाही, उलट ते अधिक नेमके करतो. जन्मभर विकर नसणे आणि काही महिने ते अडवणे यांत फरक आहे. आणि एकच विकर एका ऊतकात गाठीची ढाल आणि दुसऱ्यात तिचा लगाम असू शकत असेल, तर 'सीडी ७३ वाईट, म्हणून ते बंद करा' हे वाक्यच सदोष आहे. विकर कुठे, कोणत्या पेशीवर, कोणत्या वेळी काम करते, यावर त्याचा बरेवाईटपणा ठरतो.

हीच गोष्ट एका जुन्या औषधाच्या इतिहासातून अधिक स्पष्ट होते. ज्या सुब्बाराव यांनी एटीपी शोधण्यात हातभार लावला, त्यांच्याच मार्गदर्शनाखाली लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉलिक ॲसिडला अडवणारे ॲमिनोप्टेरिन तयार झाले. १९४८ साली सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या १६ मुलांना दिले आणि १० जणांत तात्पुरता का होईना, गुण दिसला. त्याचे भावंड मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. मोठ्या मात्रेत ते पेशींचा डीएनए बनवण्याचा मार्ग तोडते, म्हणून त्याला चयापचयावरचे औषध म्हणतात. पण संधिवाताच्या रुग्णांना आठवड्यातून एकदा जी छोटी मात्रा दिली जाते, ती दाह कशी कमी करते? न्यू यॉर्कचे ब्रूस क्रॉनस्टाइन यांनी दाखवले, की त्या परिणामाचा मोठा वाटा ॲडेनोसिनचा आहे. सीडी ७३ नसलेल्या उंदरांमध्ये मेथोट्रेक्सेटने सूज उतरत नाही. एकच गोळी एका विभागात कर्करोगाचे औषध आणि दुसऱ्यात प्रतिकाराचे, आणि दोन्ही विभागांच्या मधल्या दारात उभे आहे पेशीच्या पृष्ठभागावरचे एक विकर. चयापचय आणि प्रतिकार वेगळे मानण्याची सवय किती महाग पडू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. प्रतिकारशक्ती जागवण्याच्या उपचारात मेथोट्रेक्सेटची भर घातली, तर ते ॲडेनोसिन वाढवून त्याच प्रतिकाराचा हात धरते का, हा प्रश्न त्यातून आपसूक निघतो आणि तो विचारलाच पाहिजे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डोके आणि मानेच्या बळावलेल्या कर्करोगात एक चाचणी केली. तंबाखूमुळे मुखकर्करोगाचे ओझे वाहणाऱ्या महाराष्ट्राला तिचे मोल वेगळे सांगायला नको. नेहमीच्या मात्रेच्या अंशाएवढे, तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब हे प्रतिकार-औषध त्यांनी तीन स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दिले. त्या गोळ्या म्हणजे मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब. वर्षभरानंतर हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. ही चाचणी विकरांची नव्हती, आणि तिचे श्रेय मी ॲडेनोसिनच्या सिद्धान्ताला देणार नाही. पण त्या गोळ्यांत मेथोट्रेक्सेट ॲडेनोसिनशी निगडित आहे, आणि सेलेकॉक्सिब ज्या प्रोस्टाग्लँडिनला आवरते तेही टी पेशीत सायक्लिक एएमपी वाढवूनच तिला थंड करते. कमी खर्चाच्या औषधांचा प्रतिकाराशी चाललेला हा संवाद समजून घेण्यात सर्वांत जास्त हित आपलेच आहे, कारण परदेशी किमतीचे प्रत्येक नवे प्रतिपिंड आपल्या रुग्णाला परवडणारे नाही.

त्यासाठी लागणारी साधनेही अप्राप्य नाहीत. ॲडेनोसिन रक्तात काही सेकंदच टिकते, म्हणून ते थेट मोजणे अवघड. पण ते बनवणारे विकर ऊतकाच्या कापात दाखवता येते. प्रतिपिंडाने रंगवून विकर कुठे आहे ते पाहणे ही कोणत्याही मोठ्या पॅथॉलॉजी विभागाची रोजची पद्धत आहे, आणि ते काम करते आहे का हे शिशाच्या क्षाराने दाखवण्याची पद्धत तर १९५७पासून माहीत आहे. एक सावधगिरी मात्र हवी. चहा-कॉफीतले कॅफीन ॲडेनोसिनचे ग्राही अडवते, हे खरे आहे. पण तेवढ्यावरून ते कर्करोगावरचे औषध ठरत नाही. गाठीतले ॲडेनोसिन इतके अधिक असते, की कपभर चहाने टी पेशी जाग्या होतील ही आशा कोणी बाळगू नये आणि कोणाला विकूही नये.

शेवटी मुद्दा विकरांचा असला, तरी तो विचार करण्याच्या पद्धतीचाही आहे. आपण औषध आधी शोधतो, मग ते सर्वांना देऊन पाहतो, आणि ते फसले की संपूर्ण कल्पना टाकून देतो. उंबरठ्यावरच्या विकरांनी हा क्रम उलटा करायला शिकवले आहे. या विषयावर पुढची कोणतीही चाचणी आखणाऱ्या डॉक्टरांना आणि संशोधकांना माझे सांगणे एवढेच, की आराखड्यातला पहिला प्रश्न औषधाचा नसावा, गाठीचा असावा: या रुग्णाच्या गाठीत आरोळी आहे का, आणि तिची अंगाई कोणते विकर करते आहे? त्याचे उत्तर ऊतकाच्या कापात पाहून घ्यावे, आणि मगच सुई हाती घ्यावी.